नवस सासूबाईंचा, गुडघे माझे

गावाच्या मते माझी तब्येत सगळ्यात छान होती ती मी सगळ्यात जास्त आजारी होते तेव्हा. त्या दिवाळीत माझे गाल भरले होते, तोंड थाळीसारखं गोल झालं होतं आणि दंडाला ब्लाऊज पुरत नव्हता. भाऊबीजेला गोंदियाहून आलेली नणंद मला पाहून दारातच थांबली. तिच्या सासरी घरात हिंदीच चालते, त्यामुळे कौतुकही हिंदीतून झालं.

"भाभी, एकदम हेल्दी हो गए आप. क्या खाते हो?"

मी म्हटलं, "स्टेरॉइड."

ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनीच्या बाजूला आमचं गाव. रस्त्यालगत आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. नवरा शेती पाहतो आणि माल आणतो, मी गल्ल्यावर बसते. धानाची शेती थोडी स्वतःची, थोडी ठेक्यानं केलेली. या सगळ्यात मी दोन हातांनी काय काय करते हे घरात कुणाच्या लक्षात नव्हतं, माझ्याही नाही. ते लक्षात आलं हात बंद पडल्यावर. पावसाळा सरता सरता एका सकाळी बोटं मुठीत येईनात. मग मनगटं सुजली, मग गुडघे, मग पायाचे तळवे. अंथरुणातून उठून जमिनीवर पाय टेकवले की कुणीतरी रात्रीतून खोलीत गिट्टी पसरून गेलंय असं वाटायचं. दुकानाचं शटर उचलायला मला कुणाची तरी वाट पाहावी लागायची, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "वहिनी, आज उशीर?"

कारणं मात्र पटापट सापडली. फ्रीजचं पाणी. मोबाईल. पंख्याखाली झोपणं. दुकानात दिवसभर खुर्चीवर बसून हाडांना आलेला आळस. हे शेवटचं कारण सासूबाईंचं होतं.

शेवटी नवऱ्यानं मला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून वयानं लहान आणि बोलायला माझ्या आईहून कडक. त्यांनी एकेक सांधा दाबून पाहिला, रक्त तपासायला लावलं आणि सांगितलं की हा रुमेटॉइड संधिवात आहे. शरीर स्वतःच्याच सांध्यांना परकं समजतं आणि त्यांच्यावर चालून जातं. आठवड्यातून एकदा घ्यायचं मुख्य औषध त्यांनी लिहून दिलं, पण त्याचा गुण यायला काही महिने लागतात म्हणाल्या. तोवर निभावून न्यायला एक छोटी पांढरी गोळी. तीच ती स्टेरॉइड.

त्या गोळीबद्दल मला खोटं बोलायचं नाही. दोन-तीन दिवसांत मी उठून चालायला लागले. मूठ वळली. शटर मी स्वतः उचललं, आणि मुद्दाम आवाज करून उचललं. भूक तर अशी लागायची की वाढलेल्या ताटाकडे कुणी पाहिलं तरी मला राग यायचा. रात्री झोप नाही, पण घर लख्ख. नवरा म्हणाला, "ही गोळी सगळ्याच बायांना द्यायला पाहिजे." मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो म्हणाला की त्यानं गंमत केली.

सासूबाईंनी मात्र श्रेय गोळीला दिलं नाही. माझ्या आजाराच्या सुरुवातीलाच त्यांनी मला न विचारता आमच्याच भागातल्या प्रतापगड नावाच्या डोंगरावरच्या महादेवाशी बोलणं करून ठेवलं होतं. सून बरी झाली तर तिला शिवरात्रीला पायी गडावर घेऊन येईन. नवस त्यांचा, गुडघे माझे. आता मी बरी दिसत होते, म्हणजे महादेवानं त्याचं काम केलं होतं, आणि आमचं राहिलं होतं.

दिवाळीनंतरच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी माझं गोल तोंड पाहिलं, वजन केलं, रक्तदाब पाहिला आणि म्हणाल्या, "आता ही गोळी हळूहळू उतरवायची."

मी म्हटलं, "पण मी हिच्यामुळेच तर चालते."

"म्हणूनच उतरवायची. हाडं पोखरते, साखर वाढवते, डोळ्यांना त्रास देते. शिवाय शरीर रोज सकाळी हेच द्रव्य स्वतः तयार करतं. बाहेरून आयतं मिळालं की ते काम सोडून देतं. त्याला परत कामाला लावायला वेळ लागतो. एकदम बंद केलीत तर चक्कर येऊन पडाल, जिवावरही बेतेल. आणि स्वतःच्या मनानं वाढवलीत तर मला तोंड दाखवू नका."

गावात हे समजावून सांगणं फार कठीण गेलं. बरी झाली असेल तर गोळी कमी कायले करते, एकदम बंद कर. बरी झाली नसेल तर कमी कायले करते, चालू ठेव. या दोन्हीच्या मधलं काही असतं हे कुणालाच मान्य नव्हतं. आमच्याच दुकानातून तुडतुड्यांचं औषध नेणारा एक शेतकरी काउंटरवर कोपर टेकवून मला म्हणाला, "वहिनी, तुम्हीच सांगता ना आम्हाले, अर्धा डोस मारू नका, कीड मरत नाही. मंग सोतासाठी अर्धा डोस काऊन?"

मी त्याला फवारताना तोंडाला रुमाल बांधायला सांगितलं. तो माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहून निघून गेला.

आणि घरात तुलनेला सासूबाई होत्याच. सत्तरी ओलांडलेली बाई, पण रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, बांधीतल्या चिखलात उतरली की तरण्या बाया मागे पडायच्या. त्यांचेही गुडघे काही वर्षांपूर्वी धरले होते. तेव्हा आठवडी बाजारात स्कूटरवर येणारा एक पुडीवाला त्यांना भेटला. छोट्या कागदी पुड्या, सकाळी मधातून चाटायच्या. शुद्ध झाडपाला, त्रास काही नाही, पथ्य काही नाही. तेव्हापासून सासूबाई खाली मांडी घालून बसत आणि हात न टेकता उठत. उठताना माझ्याकडे एकदा पाहत.

"नागपूरले जाऊन जाऊन काय मिळालं तुले?" त्या विचारायच्या. "रक्त काढून राहिले नुसते. माया पुडीवाल्यानं कधी सुई टोचली नाही."

गोळी उतरत गेली तशी हिवाळाभर मी बरी राहिले. म्हणजे अधूनमधून अंग ठणकायचं, दुपारी बॅटरी संपल्यासारखं व्हायचं, पण निभत होतं. पाच मिलिग्रॅमवरून अडीचवर आले आणि माझं मला कौतुक वाटायला लागलं. तेवढ्यात शिवरात्र आठवड्यावर आली, आणि माझ्या सांध्यांनाही ती आठवली असावी.

सकाळी जाग आली तेव्हा मला कूस बदलता येईना. दोन्ही मनगटं गरम होती आणि उजवा गुडघा पपईएवढा झाला होता. केसांचा बुचडा बांधायला हात डोक्यापर्यंत जाईनात. ब्रशवर पेस्ट काढायला मी ट्यूब दोन्ही तळहातांमध्ये धरून दाबली, ती बेसिनभर झाली. नवरा मागून म्हणाला, "वाया काऊन घालवून राहिली?"

मग त्यानं माझं तोंड पाहिलं. नवरा माझा वाईट नाही. उशिरा समजतं, एवढंच. त्यानं मला खुर्चीत बसवलं, चहा आणला, कप माझ्या ओठांना लावला आणि आपला तोडगा सांगितला.

"एक गोळी जास्त घेऊन टाक. पडूनच आहेत ना त्या ड्रॉवरमध्ये. युरिया कमी पडला तं आपण कोणाले फोन करतो काय?"

त्या ड्रॉवरकडे मी किती वेळ पाहिलं ते माझं मला माहीत. एका गोळीचा प्रश्न होता. दुपारपर्यंत मी माणसात आले असते. पण डॉक्टरीणबाईंचा चेहराही आठवत होता, आणि खरं सांगायचं तर दुखण्यापेक्षा मला त्या चेहऱ्याची भीती जास्त वाटली. मी नवऱ्याला फोन लावायला सांगितला आणि स्पीकरवर ठेवायला लावला, कारण फोन मला धरता येत नव्हता.

"नुसतं दुखतंय की सूज आहे?" त्यांनी विचारलं.

"सूज आहे. गरम लागतं."

"सकाळचा आखडलेपणा किती वेळ राहतो?"

"अजून आहे."

"ताप? खोकला? मुख्य औषध चुकलं का?"

"नाही."

"मग ही आजाराचीच उसळी आहे. गोळी कमी केल्यावर थोडं अंग दुखतं, ते जातं. पण सूज आली म्हणजे आपण जरा घाई केली. परत पाचवर जा, त्याच्या पुढे नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल. मेडिकलमधली दुसरी कुठलीही दुखण्याची गोळी हिच्याबरोबर घ्यायची नाही, पोटात रक्त सुटेल. कोमट पाण्यात हात हलवा. दिवसभर झोपून राहू नका आणि धावपळही करू नका. पुढच्या आठवड्यात या, मुख्य औषध वाढवायचं का ते बघू."

मी म्हटलं, "मॅडम, शिवरात्रीला गड चढायचा होता."

"कोणता गड?"

"प्रतापगड. सासूबाईंचा नवस आहे."

"मग सासूबाई चढतील," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पाचवर परत गेल्यावर सगळं लगेच ठीक होईल असं मला वाटलं होतं. पहिल्या वेळी झालं होतं तसं. या वेळी गोळीला घाई नव्हती. सूज दर सकाळी थोडी उतरायची आणि मी खूश झाले की दुसऱ्या मनगटात जायची. मी दुकानात बसत होते, पण बिल नवरा लिहायचा आणि मी तोंडी हिशेब सांगायची. येणारा प्रत्येक जण उपाय देऊन जायचा. एकानं निरगुडीचा पाला आणून दिला, तो मी कोमट पाण्यात टाकला, त्यानं बरं वाटलं. एकानं सांगितलं की हा वात पोटात आहे, उलटी काढली की जाईल. एक बाई नुसतीच माझ्याकडे पाहत उभी राहिली आणि जाताना म्हणाली, "दिवाळीत किती मस्त दिसत होत्या वो तुम्ही."

शिवरात्रीच्या आधीच्या दिवशी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. मांडी घालून, हात न टेकता. त्यांच्या हातात मधाची वाटी आणि एक कागदी पुडी होती. आवाज नेहमीपेक्षा बराच मऊ होता.

"हे घे. माया हिश्श्याची देऊन राहिली तुले. उद्या हरणीवानी चढशील."

"आई, डॉक्टरनं दुसरं काही घेऊ नको म्हटलंय."

"हे दुसरं नाही, हे झाडपाला हाये. डॉक्टरले काय मालूम झाडपाल्याचं?"

त्यांनी पुडी उघडली. आत बारीक पांढरी पूड होती. मी आमच्या जंगलाजवळ जन्मलेली बाई आहे, आणि झाडपाला म्हटल्यावर हिरवा, तपकिरी, काळा, सगळे रंग मला माहीत आहेत. पांढरा पाला मी कधी पाहिला नव्हता. बोटाच्या टोकावर कणभर घेऊन मी जिभेला लावला.

ती कडू चव माझ्या चांगल्या ओळखीची होती. रोज सकाळी गोळी गिळायला पाणी कमी पडलं की हीच चव जिभेवर चिकटून बसायची. कडू औषधं जगात पुष्कळ असतील, मी काही तपासनीस नाही. पण मला क्षणभर दुखणंही विसरायला झालं.

"आई, हे तुम्ही रोज घेता?"

"रोज. एखादा दिवस चुकली तं अंगात जीव राहत नाही. इतकं गुणाचं औषध हाये."

मी म्हटलं, "ठेवा इथे. सकाळी घेते." त्या उठून गेल्यावर मी ती पुडी घडी घालून पर्समध्ये टाकली. त्या वेळी त्यांना काही बोलले नाही. उद्या त्यांचा देव होता, आणि माझ्याकडे एका चवीपलीकडे काही नव्हतं.

शिवरात्रीला आम्ही गाडीनं पायथ्याशी गेलो. यात्रा भरलेली होती. महादेवाकडे जाणारे आणि तिथल्याच दर्ग्याकडे जाणारे एकाच गर्दीत एकमेकांना ढकलत होते, सगळ्यांना घाई सारखीच. नवऱ्यानं मला नारळ-प्रसादाच्या एका दुकानाशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. सासूबाईंनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. सूज आता त्यांनाही दिसत होती, पण ती दिसली असं म्हणणं त्यांना जमत नव्हतं.

"पुडी घेतली काय?"

"नाही."

"मंग बस इथंच," त्या म्हणाल्या, पदर खोचला आणि चढायला लागल्या. नवरा मागून धापा टाकत गेला.

दुकानातली बाई माझ्याकडे वळली. "तुम्ही कायले बसल्या वो बाई?"

"गुडघे."

"वय काय तुमचं?"

"बेचाळीस."

"आन त्या वर गेल्या त्या कोण?"

"सासू."

तिनं वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि नारळ मोजायला लागली.

सासूबाई खाली आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर भस्म होतं आणि श्वास जराही लागला नव्हता. नवऱ्याला मात्र बसायला माझी खुर्ची द्यावी लागली. मी विचारलं, नवसाचं काय झालं.

"सांगतलं महादेवाले," त्या म्हणाल्या. "सून खाली बसली हाये. तू वरून पाहतच असशील."

पुढच्या आठवड्यात नागपूरला निघालो तेव्हा सासूबाई म्हणाल्या की त्याही येणार. मला वाटलं माझी काळजी. तसं नव्हतं. त्यांना डॉक्टरीणबाईंना जाब विचारायचा होता. गोंदियाला गाडी बदलताना त्यांनी माझी पिशवी माझ्या हातून ओढून घेतली आणि जिन्यावरून पुढे गेल्या. मागे मी एकेक पायरी करत होते. एक हमाल मला म्हणाला, "अम्मा आपको लेके जा रही हैं दवाखाने?" मी हो म्हटलं.

तपासणीच्या खोलीत सासूबाईंनी खुर्ची ओढली आणि सुरुवात केली. "बाई, इतके महिने झाले, हिले तुम्ही बरी काऊन करत नाही? मी पाहा, या वयात गड चढून आली."

डॉक्टरीणबाई माझं मनगट दाबत होत्या. त्यांनी मान वर केली आणि बराच वेळ सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचं गोल तोंड. मानेमागचा उंचवटा. बांगड्यांच्या वर, कागदासारख्या पातळ कातडीवर जांभळे-काळे डाग. हे सगळं मी रोज पाहत होते. आम्ही त्याला वय म्हणायचो, आणि तोंडाला तेज.

"आजी, हाताला काय झालं?"

"काही नाही. कुठं थोडंसं लागलं तरी काळं पडते."

"तुम्ही कोणतं औषध घेता?"

"मी?" सासूबाईंना हसू आलं. "मी औषध खात नाही. झाडपाला घेतो फक्त."

मी पर्समधून पुडी काढून टेबलावर ठेवली. सासूबाईंनी आधी पुडीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरले नाही.

डॉक्टरीणबाईंनी पुडी उघडली नाही. "नुसतं पाहून मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण अशा पुड्यांत बऱ्याचदा काय कुटून घातलेलं असतं ते मला माहीत आहे. रक्त तपासू. आणि आजी, रिपोर्ट येईपर्यंत ही बंद करायची नाही. उद्या सकाळची मात्र रक्त दिल्यावर घ्या."

बंद करू नका म्हटल्यावर सासूबाईंना आपण जिंकलो असं वाटलं. त्या रात्री आम्ही नात्यातल्या एकांकडे मुक्काम केला, तिथे त्यांनी जेवताना पुडीवाल्याची कीर्ती सांगितली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. साखर वाढलेली होती आणि ती कधीची वाढलेली होती कोण जाणे. सकाळी शरीरानं स्वतः जे द्रव्य करायला हवं ते त्यांचं शरीर जवळजवळ करतच नव्हतं. त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं वयाचं होतं, झिजेचं होतं, त्याला हे औषध कधी लागणारच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सगळं एकदा सांगितलं, मग साध्या शब्दांत परत सांगितलं. पुडीत रोज किती पडतं ते कुणाला माहीत नाही, म्हणून पुडीच्या जागी मोजलेली गोळी द्यायची, आणि मग ती महिन्यामहिन्यानं उतरवायची.

त्यांनी चिठ्ठी लिहिली. माझीच गोळी. मात्रा माझ्याहून जास्त.

लग्नाला वीस वर्षं होत आली, त्या काळात माझ्यात आणि सासूबाईंमध्ये सारखं असं काही निघालं नव्हतं. ते नागपुरात निघालं.

परतीच्या गाडीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. तिरोडा गेल्यावर म्हणाल्या, "तू सांगतलं असतं मले घरीच. बाहेरच्या बाईपुढं काढली पुडी."

"घरी तुम्ही ऐकलं असतं?"

गोंदियाला उतरताना माझी पिशवी त्यांनी माझ्या हातात परत दिली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या पुडीवाल्याकडे गेल्या. मी दुकानातून बघत होते, आणि जे ऐकू आलं नाही ते त्यांनी नंतर स्वतः सांगितलं. तो म्हणाला, "आजी, पुडी सोडल्यावर दुखते ना? म्हणजेच पुडी खरी." याच्यावर मोठमोठे वकील गप्प बसले असते. सासूबाईंनी त्याला विचारलं, "तू सोता खाते काय ही? तुया मायले देते काय?" तो स्कूटरवरच्या पिशव्या नीट करत राहिला. त्यानंतर तो आमच्या बाजारात आला नाही. पलीकडच्या गावच्या बाजारात बसतो असं कळलं, आणि तिथे त्याच्याकडे गर्दी असते असंही कळलं.

मग उन्हाळा आम्ही दोघींनी गोळ्या उतरवण्यात घालवला. माझं मुख्य औषध वाढवलं होतं, त्याचा गुण हळूहळू दिसत होता, आणि या वेळी मला अगदी बारीक पायऱ्यांनी खाली आणत होते. सासूबाईंची पहिली पायरी उतरली आणि त्यांचे गुडघे जागे झाले. त्यांच्यासाठी ही बातमी होती. सकाळी त्या पलंगाच्या कडेला बसून राहायच्या, पाय खाली सोडायचे की नाही याचा विचार करत. लोणच्याच्या बरणीचं झाकण मी उघडू शकत नव्हते आणि त्याही नाही. नवरा शेतातून येईपर्यंत बरणी ओट्यावर आम्हा दोघींकडे पाहत बसायची. तो आला की झाकण उघडायचा आणि दोघींपैकी कुणीच त्याचे आभार मानायचं नाही. त्याच महिन्यांत तो भाताचा कुकर लावायला शिकला. पहिले काही दिवस त्या भाताला आम्ही खीरच म्हणायचो.

निरगुडीचा पाला टाकून मी घमेल्यात कोमट पाणी करायची. एका सकाळी मी हात बुडवून बसले होते, तेव्हा सासूबाई भिंतीला धरत धरत आल्या आणि माझ्यासमोरच्या पाटावर टेकल्या. हात टेकून. जरा वेळ पाण्याकडे पाहिलं, मग त्यांनीही आपले हात त्याच घमेल्यात सोडले. बोटं त्यांचीही ठणकत होती. गोळी कमी झाली की सगळं अंगच तक्रार करतं.

"तुले असंच दुखत होतं काय?"

"हो. याच्याहून जास्त."

"मंग तवा सांगतलं काऊन नाही?"

"सांगितलं होतं, आई. रोज सांगत होते."

त्या पाण्यात पाला इकडून तिकडे सरकवत राहिल्या.

"मले वाटलं तू नखरे करून राहिली."

"माहीत आहे मला."

"हाव," त्या म्हणाल्या. एवढंच. माफी वगैरे शब्द आमच्या घरात वापरायची पद्धत नाही, आणि मलाही ते अवघडच झालं असतं. पाणी गार झाल्यावर त्यांनी नवऱ्याला हाक मारली आणि सांगितलं, "दुसरं गरम करून आण. आमचं झालं नाही अजून."

आता माझी गोळी अगदी थोडी उरली आहे. बंद होईल की नाही ते डॉक्टरीणबाई सांगत नाहीत, बघू म्हणतात. मधून एखादी सकाळ वाईट निघते. तेव्हा मी सूज पाहते, नसेल तर थांबते, असेल तर फोन करते. सासूबाईंची साखर तिच्या वेगळ्या गोळीनं आटोक्यात आहे, पण गुडघे दुखतात आणि ते दुखणारच आहेत. यंदा रोवण्याला त्या बांधीत उतरल्या नाहीत. शेताच्या कडेला धुऱ्यावर काठी टेकून उभ्या राहिल्या आणि बायांच्या प्रत्येक ओळीला नावं ठेवली. बायांचं म्हणणं, त्या आत असायच्या तेच बरं होतं.

तपासणीला आम्ही आता दोघी जातो. मागच्या खेपेला दवाखान्यात बाकावर आमच्या शेजारी एक बाई बसली होती, मनगटं सुजलेली, नवी दिसत होती. सासूबाईंनी तिला गाव विचारलं, मग दुखणं विचारलं आणि मग तिच्या पिशवीत काय काय आहे ते बाहेर काढायला लावलं. त्यात एक कागदी पुडी निघालीच. सासूबाईंनी ती उजेडाकडे धरली आणि तिला स्टेरॉइडबद्दल सगळं सांगायला सुरुवात केली. एकदम सोडायची नाही, मनानं वाढवायची नाही, शरीर कसं कामचुकार होते, त्याले कसं कामाले लावा लागते. अर्धं बरोबर होतं. उरलेल्या अर्ध्यात मूत्रपिंडाचा काहीतरी संबंध होता, तो त्यांनी कुठून आणला देव जाणे.

आतून आमचा नंबर पुकारला. मी उठले आणि त्यांच्यासाठी हात पुढे केला.

"थांब जरा," सासूबाई म्हणाल्या. "हिले सांगून व्हायचं हाये अजून."